पोरं प्रोसेस बघतात म्हणजे काय बघतात?

(मंडळाच्या गणेशोत्सवात मन्नाएखेळ्ळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या मांडवात कीर्तन होतं, भजन होतं, मुलांच्या स्पर्धा होतात. यंदा सेक्रेटरींनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटर शिकलेला आहेस, त्यावर अर्धा तास बोल." मी डिप्लोमावाला माणूस. राज्य सरकारच्या नोकरीत आहे आणि निम्मं आयुष्य फायलींतच गेलं. त्यामुळे मोठ्या तज्ज्ञाचं भाषण माझ्याकडून होणार नाही. पण मागच्या वर्षी आरतीनंतर एका काकूंनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं नीट उत्तर तेव्हा देता आलं नाही. ते आज द्यावं म्हणून उभा आहे.

काकूंचा एक मुलगा पुण्याला, दुसरा हैदराबादला. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. काकू म्हणाल्या, "अरे, धाकटा कोड लिहितो, एवढं मला कळतं. पण थोरला म्हणतो मी कोड लिहीत नाही, मी प्रोसेस बघतो. प्रोसेस बघतो म्हणजे नेमकं काय बघतो रे? त्याचा पगार तर धाकट्याहून जास्त आहे!"

आपलं गाव पुणे-हैदराबाद रस्त्यावर. आपल्यापैकी निम्म्या घरांतली पोरं या रस्त्यानं एकीकडे नाहीतर दुसरीकडे गेली. ती काय काम करतात हे आपल्याला माहीत असावं, असं मला वाटतं. शिवाय त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्या मंडळाच्याही कामाची आहे. ती शेवटी सांगतो.

आधी माझी चूक

सुरुवात माझ्यापासूनच करतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या खात्यात होतो तिथं अर्जांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं ठरलं. खात्याचं नाव सांगत नाही, सॉफ्टवेअर करणाऱ्यांचंही नाही. खात्याकडून माहिती देणारा माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. शहरातून पाच-सहा पोरं आली. हुशार होती, आदबशीर होती.

काम अर्ध्यावर आलं आणि वरून नियम बदलला. पूर्वी अर्जासोबत एक दाखला लागायचा, तो आता नको असं परिपत्रक आलं. मी फोन उचलला आणि त्या टीममधल्या एका मुलाला सांगितलं, "तेवढा दाखला काढून टाक." तो म्हणाला, "हो सर, करतो." दोन आठवड्यांनी त्याला दुसरीकडे नोकरी लागली, तो गेला. मी दुसऱ्या कामात गुंतलो. सॉफ्टवेअर चालू झालं. आणि ज्या अर्जाला दाखला नाही तो अर्ज सॉफ्टवेअर घेईना.

चार महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. काउंटरवरचा माणूस सांगायचा, "दाखला आणा." लोक दाखल्यासाठी हिंडायचे. त्यात एक म्हातारी होती. दर आठवड्याला बसनं यायची, पिशवीत कागद गुंडाळून आणायची. शेवटी एक दिवस ती थेट माझ्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मशीन नको म्हणतंय असं तुम्ही सगळे सांगता. पण मशीनला सांगणारा कोण आहे, त्याची गाठ घालून दे."

मंडळी, मशीनला सांगणारा मीच होतो.

मग चौकशी झाली. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, "आम्हाला लेखी काही आलं नाही." मी म्हणालो, "मी फोनवर सांगितलं होतं." दोन्ही खरं होतं. म्हातारीचा अर्ज त्याच आठवड्यात झाला, पण गेलेले चार महिने काही परत आले नाहीत. एका ओळीचा बदल होता. कोड लिहिणाऱ्याला पाच मिनिटं लागली असती. चूक कोडमध्ये नव्हती. कोड बनवायच्या पद्धतीत होती. काकू, तुमचा थोरला हेच बघतो. सांगितलेली गोष्ट शेवटपर्यंत पोहोचते की मध्येच हरवते, हे बघायचं काम त्याचं.

भिंतीवरचा तक्ता

त्यानंतर त्या टीमवर एक नवी मुलगी मुख्य म्हणून आली. उदगीरकडची, मराठी बोलणारी. तिनं पहिल्या दिवशी आमच्या खोलीच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. त्यावर कोडची एक ओळ नव्हती. नुसते चौकोन होते. "मागणी", "बदल", "आराखडा", "कोडचा भाग", "चाचणी", "दोष". प्रत्येक चौकोनात तीन खण. वर नाव, मध्ये त्याची माहिती, खाली त्यावर काय काय करता येतं ते.

मी विचारलं, "हे आमच्या अर्जांचं चित्र आहे का?" ती म्हणाली, "नाही काका, हे आमच्याच कामाचं चित्र आहे. तुमचं सॉफ्टवेअर आम्ही कसं बनवतो, त्याचं."

"बदल" या चौकोनावर बोट ठेवून ती म्हणाली, "तुमचा तो फोन म्हणजे एक बदल होता. पण त्याला नंबर नव्हता, तारीख नव्हती, तो कोणाकडे आहे हे लिहिलेलं नव्हतं. म्हणून तो माणसाबरोबर निघून गेला. आता प्रत्येक बदल ही एक स्वतंत्र वस्तू. तिची अवस्था तिच्यावरच लिहिलेली. नोंदवला, तपासला, मंजूर झाला, केला, चाचणी झाली, चालू केला, बंद. बंद होईपर्यंत ती वस्तू आमच्या समोरून हलणार नाही."

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. अहो, ही तर आमची आवक-जावक! टपाल आलं की शिक्का, नंबर, तारीख, कोणाच्या टेबलावर गेलं त्याची नोंद. साधा पोस्टकार्डावरचा अर्ज आला तरी त्याला आम्ही आवक नंबर देतो. आणि म्हातारीचं नशीब ज्यावर अवलंबून होतं तो बदल मात्र मी फोनवर सांगून मोकळा झालो. कॉम्प्युटरचं काम म्हणजे नुसतं टाइप करणं, त्याला कसली नोंदवही, असा माझा समज होता.

ऑब्जेक्ट म्हणजे काय

त्या मुलीनं वापरली ती रीत कॉम्प्युटरच्या जगात ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणून ओळखली जाते. नाव जड आहे, गोष्ट घरातली आहे.

हिचा उगम नॉर्वेत. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा तयार केली. त्यांना रांगा, काउंटर, येणारी-जाणारी माणसं, माल अशा कामांची कॉम्प्युटरवर नक्कल करून बघायची होती. रांग कुठं तुंबते, दुसरा काउंटर उघडला तर काय होईल, असले प्रश्न. ते करताना त्यांच्या लक्षात आलं, की "पहिलं हे कर, मग ते कर" अशी लांबलचक यादी लिहिण्यापेक्षा एकेक वस्तू उभी करावी. तिची माहिती तिच्याजवळ, तिला काय करता येतं तेही तिच्याजवळ. १९६७च्या त्यांच्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट या दोन्ही कल्पना आल्या. २००१चा ट्यूरिंग पुरस्कार या दोघांना मिळाला. कचेरीत रांगेत उभं राहून कंटाळलेल्या माणसांनी हे ध्यानात ठेवावं, की या कल्पनेच्या मुळाशी रांगांचाही अभ्यास आहे!

आता क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक. "गणेशोत्सव" हा क्लास. त्यात काय काय असतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मूर्ती, मांडव, वर्गणी, आरती, प्रसाद, विसर्जन. पण "गणेशोत्सव" असा नुसता कधी होत नाही. होतो तो यंदाचा, गेल्या वर्षीचा, त्याच्या आधीचा. प्रत्येक वर्षाचा उत्सव हा एक ऑब्जेक्ट. साचा एक, पण मूर्ती दरवर्षी नवी.

साचा तोच असला तरी वारस वेगवेगळे निघतात. कोणाकडे दीड दिवसाचा, कोणाकडे पाच दिवसांचा, कोणाकडे गौरीबरोबर जाणारा, मांडवात अनंत चतुर्दशीपर्यंतचा. मूळ गुण सगळ्यांत सारखे, बदल आपापले. याला इनहेरिटन्स म्हणतात, म्हणजे वारसा. २०२० साली कोरोनात मिरवणुकीशिवाय गणपती गेले, तरी तो गणेशोत्सवच होता. एक-दोन गोष्टी त्या वर्षापुरत्या बदलल्या, बाकीचा साचा तोच राहिला.

"बाप्पाचं विसर्जन करा" असं सगळ्यांना एकच सांगितलं, तर घरचा माणूस बादलीत करतो, गल्लीतला विहिरीवर नेतो, मोठं मंडळ तळ्यावर नेतं. निरोप एक, पण प्रत्येकजण आपल्या परीनं तो पार पाडतो. त्यालाही त्यांच्या भाषेत एक मोठं नाव आहे, ते सोडून देऊ.

आणि एक गुण, जो मला फार आवडतो. प्रसादाच्या कमिटीला आपण काय सांगतो? "आठ वाजता दोनशे माणसांचा प्रसाद तयार हवा." गूळ कुठून आणला, चूल कोणी पेटवली, हे मांडवाच्या कमिटीनं विचारायचं नाही. आतला कारभार आत, बाहेर फक्त ठरलेला व्यवहार. ज्या मंडळात प्रत्येकजण दुसऱ्याच्या चुलीत डोकावतो तिथं भांडणं होतात. सॉफ्टवेअरमध्येही तसंच होतं.

बनवण्याची पद्धत हेही सॉफ्टवेअरच

इथवर आपण वस्तूंविषयी बोललो. आता काकूंच्या थोरल्याच्या कामाकडे येऊ.

सॉफ्टवेअर मोठं होत गेलं तसं ते वेळेत न होणं, खर्च वाढणं, चुका राहणं हे नित्याचं झालं. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथं नाटोनं एक परिषद भरवली, तिच्यात याची उघड चर्चा झाली आणि "सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग" हा शब्द तिथून रूढ झाला. १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एक लेख लिहिला. त्यात कामाच्या पायऱ्या दाखवल्या होत्या. मागणी, आराखडा, कोड, चाचणी. पाणी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडावं तसं. पुढं लोकांनी याला धबधबा असं नाव दिलं. गंमत अशी, की रॉइस यांनी त्याच लेखात बजावलं होतं, की असं सरळ एकाच दिशेनं गेलात तर धोका आहे. चित्र लोकांनी उचललं, इशारा मागं राहिला. सरकारी परिपत्रकाचंही पुष्कळदा असंच होतं!

१९८७ साली अमेरिकेत माँटरे इथं झालेल्या परिषदेत लिऑन ऑस्टरवाइल या प्राध्यापकांनी एक नवं म्हणणं मांडलं. सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत हेसुद्धा एक सॉफ्टवेअरच आहे, असं ते म्हणाले. प्रोग्राम एकदा लिहितो आणि अनेकदा चालवतो. तशीच पद्धत एकदा लिहून ठेवावी, आणि प्रत्येक नवं काम म्हणजे ती पद्धत एकदा चालवणं. प्रोग्राममध्ये चूक सापडली तर आपण प्रोग्राम दुरुस्त करतो. तसं कामात घोटाळा झाला तर नुसतं माणसाला बोलू नये, पद्धत दुरुस्त करावी. माझ्या त्या फोनच्या प्रकरणात मला कोणी कितीही बोललं असतं, तरी माझ्यानंतर आलेल्या माणसानं तोच फोन केला असता.

पुढं १९९०च्या दशकात ऑब्जेक्टची रीत सगळीकडे पसरली. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकोबसन या तिघांनी आपापल्या चित्रपद्धती एकत्र केल्या. त्यातून यूएमएल ही चित्रांची भाषा झाली आणि ओएमजी या संस्थेनं १९९७ साली ती मान्य केली. मग लोकांच्या मनात आलं, की जी चित्रं आपण दुसऱ्यांच्या कामाची काढतो, तीच आपल्या स्वतःच्या कामाची का काढू नयेत? २००२ साली त्याच संस्थेनं खास त्यासाठी एसपीईएम नावाचं प्रमाण काढलं. २००८ साली त्याची दुसरी आवृत्ती आली.

त्याचं सार तीन शब्दांत सांगता येतं. भूमिका, कृती आणि कामातून निघणारी वस्तू. भूमिका कृती करते, आणि ती कृती वस्तूवर होते. बस. उदाहरणार्थ तपासनीस ही भूमिका, चाचणी ही कृती, चाचणीचा अहवाल ही वस्तू.

यात भूमिका म्हणजे माणूस नव्हे, हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडे पावत्या फाडणारा माणूस संध्याकाळी आरती म्हणतो आणि रात्री मांडवात झोपतोही. माणूस एक, भूमिका तीन. उलट वर्गणी गोळा करणारी ही भूमिका एक, आणि ती करणारी पोरं आठ. आमच्या सरकारी नोकरीत हे फार जुनं आहे. तिथं चार्ज दिला-घेतला जातो. खुर्ची राहते, माणूस बदलतो. बदली झाल्यावर फाईल माझ्याबरोबर घरी येत नाही. सॉफ्टवेअरच्या त्या मुलाबरोबर माझा बदल मात्र घरी गेला, कारण तो भूमिकेला नव्हे तर त्या मुलाला सांगितला होता.

आता कोणी विचारेल, साधी पायऱ्यांची यादी का पुरत नाही? वस्तूंचं चित्र कशाला? तर यादीत एका वेळी एकच पायरी असते. "आधी वर्गणी, मग मांडव, मग मूर्ती" अशी यादी लिहिली तरी प्रत्यक्षात काय होतं? निम्मी वर्गणी यायची असते, मांडवाचे बांबू आलेले असतात, मूर्तीला इसार दिलेला असतो आणि पोलिसांची परवानगी अजून टेबलावर असते. सगळं एकदम चालू, प्रत्येकाची अवस्था वेगळी. "आपण कितव्या पायरीवर आहोत?" या प्रश्नाला उत्तरच नसतं. पण "परवानगी कुठं आहे?" "पावती पुस्तक नंबर चार कोणाकडे आहे?" याला उत्तर असतं. पावती पुस्तक छापलं, वाटलं, भरलं, जमा झालं, तपासलं. या पाच अवस्था, आणि त्यांचा क्रम चुकवायचा नाही. जमा न झालेलं पुस्तक तपासलं असं लिहिता येत नाही. उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती हलवत नाहीत, तसंच. त्या मुलीच्या तक्त्यावरही हेच होतं. चाचणी झाल्याशिवाय बदल चालू होणार नाही, आणि चाचणी करणारा तो कोड लिहिणारा नसावा.

आपल्या राज्यातलं एक उदाहरण

हे फक्त कंपन्यांपुरतं नाही. कर्नाटकातली भूमी योजना तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी पहाणी हातानं लिहिली जायची. राज्यातले सुमारे नऊ हजार ग्राम लेखापाल ती सांभाळायचे. महसूल खातं आणि एनआयसी यांनी मिळून ती कॉम्प्युटरवर आणली. २००१-०२च्या सुमारास १७७ तालुक्यांतल्या जवळपास ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटींवर पहाण्या काउंटरवरून मिळू लागल्या. तेव्हा एका नकलेला १५ रुपये लागायचे. आपल्यातल्या जुन्या माणसांना कन्नडमधली पहाणी अजूनही कोणीतरी वाचून दाखवावी लागते. मी स्वतः कितीतरी जणांना वाचून दाखवली आहे. आणि आपल्या भागातले निजामाच्या काळातले कागद उर्दूत असल्यानं घरात तीन लिप्यांचे कागद एकाच ट्रंकेत निघतात! पण नक्कल हातात येते, हे खरं.

आजच्या विषयाच्या नजरेनं पाहिलं तर भूमीतली खरी गोष्ट नकलेची नाही, फेराची आहे. फेराचा अर्ज ही तिथं नंबर असलेली वस्तू झाली. अर्ज आलेल्या क्रमानंच पुढं जायचे, मधला उचलून आधी करायचा नाही. आणि मंजूर करणारा अधिकारी स्वतःचा अंगठा यंत्रावर ठेवूनच आत जायचा, म्हणजे कोणत्या भूमिकेतल्या कोणी काय केलं याची नोंद राहायची. अर्ज, अवस्था, भूमिका, क्रम. आपण आता बोललो तेच सगळं. फरक एवढाच, की तिथं कचेरीच्या कामाचं चित्र काढलं, आणि उदगीरच्या मुलीनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या कामाचं काढलं.

आपल्या मराठी मुलखातही हे काम जुनं आहे. पुण्यात टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ साली सुरू झालं. आधी चित्र म्हणजे मॉडेल काढायचं आणि त्यावरून कोड तयार करायचा, यासाठी लागणारी हत्यारं तिथं वर्षानुवर्षं घडवली गेली.

पद्धतीचा अतिरेक

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सरकारी माणूस नियमांचंच कौतुक करतो असं म्हणाल.

ऑस्टरवाइल यांनी आपलं म्हणणं मांडलं त्याच परिषदेत मॅनी लेमन या दुसऱ्या मोठ्या अभ्यासकांनी त्यांना टोकलं. त्यांचं म्हणणं असं, की जे काम आपल्याला पुरतं समजलं आहे त्याची पद्धत लिहिता येईल. पण सॉफ्टवेअरमध्ये डोकं लढवायचं जे काम आहे, ते आधीच पायरीपायरीनं लिहून ठेवता येणार नाही. आणि २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. पद्धती आणि हत्यारांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद आम्ही मोलाचा मानतो, असा त्याचा सूर होता. आज तुमची मुलं ॲजाइल, ॲजाइल म्हणतात ते तिथून आलं.

दोन्ही म्हणणी खरी आहेत. त्या मुलीच्या तक्त्यावर एक चौकोन शेवटी मी सुचवून घातला. "अडलेला". कुठल्याच अवस्थेत न बसणारं काही आलं तर ते या चौकोनात टाकायचं, आणि त्याच्यापुढे एका भूमिकेचं नाव लिहायचं. काउंटरवरच्या माणसानं "मशीन नको म्हणतंय" म्हणून हात वर करायचे नाहीत. त्यानं तो अर्ज अडलेल्यात टाकायचा आणि ती भूमिका सांभाळणाऱ्यानं त्याच दिवशी बघायचा. म्हातारीनं विचारलं होतं ना, मशीनला सांगणारा कोण, त्याचं उत्तर चित्रात असलंच पाहिजे. ज्या चित्रात त्याला जागा नाही ते चित्र कितीही सुबक असलं तरी अपुरं.

शेवटचं, आपल्या मंडळाचं

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथं वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकारानं सॉफ्टवेअर संस्थांच्या पाच पातळ्या ठरवल्या गेल्या. बेंगळुरूच्या मोटोरोलाच्या केंद्राला १९९३ सालीच पाचवी पातळी मिळाली होती, आणि पुढं भारतातल्या कितीतरी कंपन्या तिथवर पोहोचल्या. पहिल्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या पातळीचं लक्षण काय सांगितलं आहे? तिथं काम होतं, चांगलंही होतं, पण ते एखाद्या पराक्रमी माणसाच्या जिवावर होतं. तो आहे तोवर ठीक.

मंडळी, रागावू नका, पण आपलं मंडळ पहिल्या पातळीवर आहे. आणि आपला पराक्रमी माणूस इथं पहिल्या रांगेत बसला आहे.

अण्णा, तुम्हालाच म्हणतोय. तीस वर्षं परवानगीचे अर्ज तुम्ही नेता. वीज खात्यात कोणाला भेटायचं, तळ्याकडची वाट कोणत्या बाजूनं मोकळी असते, मूर्तीकाराला इसार कधी द्यायचा, कोणाच्या घरची वर्गणी मागायला कोणी जायचं आणि कोणी जायचं नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं, आठवतं का? आम्ही चौघे वही घेऊन तुमच्या खाटेजवळ बसलो होतो. तुमच्या हाताला सलाईन लावलेलं, आणि आम्ही विचारत होतो, "अण्णा, मागच्या वर्षीच्या परवानगीची नक्कल कुठं आहे?" वहिनी आमच्यावर चिडल्या होत्या. बरोबरच होतं त्यांचं. त्या दिवशी घरी येताना मला ती म्हातारी आठवली. तिथं एका मुलाबरोबर माहिती गेली. इथं माहिती एकाच माणसात साठली म्हणून त्याला आजारपणातही सुटका नाही.

आणि पुढचा प्रश्न याहून अवघड आहे. आपली पोरं बाहेर आहेत. दिवाळीला, गणपतीला चार दिवस येतात. त्यांना काम करायची इच्छा नाही असं नाही. आल्यावर "काय करू?" म्हणून विचारतात, आणि आपण म्हणतो, "तू बस, अण्णा बघतील." दोन-तीन वर्षं असं ऐकलं की चौथ्या वर्षी पोरगा विचारत नाही. पिढ्यान्पिढ्या या भागात राहून, कन्नड शेजारात मिसळून, आपण हा उत्सव मराठीत चालवला. तो कोणी बंद पाडणार नाही. पण काम हातात द्यायची सोय नसेल तर तो आपोआप आक्रसत जाईल.

म्हणून माझी एकच सूचना आहे. मोठं सॉफ्टवेअर नको, ॲप नको. एक शंभर पानी वही. डाव्या पानावर भूमिका, म्हणजे खजिनदार, परवानगी, मूर्ती, मांडव, प्रसाद, कार्यक्रम, विसर्जन. माणसांची नावं तिथं लिहायची नाहीत, ती दरवर्षी पेन्सिलनं वेगळ्या चिठ्ठीवर. उजव्या पानावर त्या भूमिकेच्या हातातल्या वस्तू आणि त्यांच्या अवस्था. परवानगीचा अर्ज दिला, नंबर मिळाला, मंजूर झाला, नक्कल फाईलला लावली. मागं चार पानं कोरी, "अडलेलं" यासाठी. विसर्जनानंतरच्या रविवारी सगळ्यांनी बसायचं, यंदा काय अडलं ते वाचायचं आणि वही दुरुस्त करायची. चहा माझ्याकडे.

पोरगा हैदराबादहून आला, तर त्याच्या हातात ते एक पान देता येईल. त्याला ते वाचून अर्ध्या तासात काम सुरू करता येईल. त्याचं तर हे रोजचंच काम आहे. कदाचित तोच आपल्याला सांगेल, "काका, ही अवस्था राहिली इथं." सांगू द्या. वही त्याचीही होईल.

अण्णा, मी तुमच्याशी आधीच बोललो आहे आणि तुम्ही म्हणालात, "माझ्याकडनं काढून घेताय काय रे?" नाही अण्णा. तुमच्याकडून घेतोय ते तुमच्या नावानंच पुढं जाणार आहे. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही कोणतंही पद लिहिणार नाही, तुमचं नाव लिहू. येत्या रविवारपासून मी संध्याकाळी येतो. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. वहिनींनी या वेळी चिडू नये एवढीच विनंती.

काकू, तुमच्या प्रश्नाला वर्ष लागलं, पण उत्तर हे असं आहे. थोरला जे बघतो ते न दिसणारं काम आहे. ते नीट झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही. नाही झालं, तर कुठल्या तरी खेड्यातली एक म्हातारी पिशवी घेऊन चार महिने हेलपाटे घालते. त्याचा पगार जास्त का, हे मात्र त्यालाच विचारा!

 आता आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!